क्रीडांगणाची वास्तू : खर्च आणि हौस

(तृतीय वर्ष कला)

माझे गाव अलोरे. कोयना जलविद्युत प्रकल्पाची वसाहत असल्याने हे नाव पुष्कळांना ऐकून ठाऊक असते. एका बाजूला कोळकेवाडीचे धरण, पलीकडे पोफळी आणि डोंगराच्या पोटात कोरून काढलेली वीजगृहे, असा आमचा परिसर. कोट्यवधी रुपयांचे हे काम बहुतांशी जमिनीखाली आहे. त्यामुळे आम्हा अलोरेकरांना लहानपणापासून एक सवय लागलेली असते. कोणतेही बांधकाम पाहिले, की ‘हे कशासाठी?’ आणि ‘किती लागले?’ हे दोन प्रश्न आपोआप तोंडात येतात.

असे असूनही, गेल्या वर्षी आपल्या क्रीडासमितीच्या बैठकीत मैदानाचा विषय निघाला तेव्हा मी कमानीच्या बाजूने हात वर केला होता, हे येथे कबूल केले पाहिजे. माजी विद्यार्थ्यांनी मैदानासाठी काही रक्कम जमविली आहे. त्यातून भव्य कमान आणि छत असलेली सिमेंटची गॅलरी बांधावी, असा एक पक्ष. आधी मैदान समपातळीत आणून पाण्याचा निचरा करावा, असा दुसरा. पहिल्या पक्षात उत्साह होता, दुसऱ्यात आमचे एक प्राध्यापक आणि मैदानाची निगा राखणारे शिपाईमामा, असे दोघेच. निर्णय लांबणीवर पडला, आणि त्या अवधीत मी या विषयावर जे काही वाचले-विचारले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम हे पाहू, की क्रीडागार इतके महाग का पडते? उत्तर प्रेक्षकाच्या डोळ्यांत आहे. मागे बसलेल्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून मैदानापर्यंत पोहोचली पाहिजे. त्यासाठी ती पुढच्याच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा साधारण ९ ते १२ सेंटिमीटर वरून जावी लागते. हे गणित प्रत्येक ओळीला पाळायचे, तर मागच्या पायऱ्या पुढच्यांपेक्षा अधिकाधिक उंच कराव्या लागतात. म्हणून चांगल्या प्रेक्षागाराचा उभा छेद सरळ उतरता नसतो, वर जाताना तो वक्र होत जातो. खालच्या ओळी जमिनीवर टेकतात, त्या स्वस्त. वरच्या ओळींखाली खांब, तुळया, जिने आणि बाहेर पडण्याच्या वाटा आल्या, की दर खुर्चीमागचा खर्च झपाट्याने वाढतो.

त्यावर छत हवे, आणि मध्ये खांब नको! कारण खांबामागे बसणारा सामना पाहत नाही, खांब पाहतो. म्हणजे छत मागच्या बाजूनेच धरून पुढे अधांतरी काढावे लागते. पाण्याने भरलेली कळशी छातीशी धरून चालणे आणि हात लांब करून धरणे यांत जो फरक, तोच येथे. सारख्या जाडीचे अधांतरी छत लांबीने दुप्पट केले, तर त्याच्या मुळाशी येणारा वाकवणारा जोर चौपट होतो. शिवाय वारा छताला खालून उचलू पाहतो, ते वेगळेच. आकाशात झेपावणारे छत चित्रात फार सुंदर दिसते, परंतु त्या झेपेच्या प्रत्येक हाताचे पैसे मोजावे लागतात.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाचे एक फार जुने आणि माझ्या मते अत्यंत शहाणे उत्तर आहे : कोल्हापूरचे खासबाग मैदान. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेस गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचे कोलोसियम पाहिले, आणि कुस्तीसाठी असे काही आपल्याकडे असावे ही कल्पना तेथे मनात धरली. १९०७ साली काम सुरू झाले आणि १९१२ मध्ये मैदान खुले झाले. गंमत अशी, की महाराजांनी कोलोसियमची कल्पना घेतली, परंतु त्याची नक्कल केली नाही. रोमन लोकांनी सपाट जागेवर कमानींवर कमानी रचून प्रेक्षकांना उंच उचलले. कोल्हापुरात बशीसारखे खोलगट मैदान केले, मध्ये हौदा, आणि सभोवार चढत गेलेला उतार. मातीच प्रेक्षकाला उचलून धरते. हजारो माणसे बसतात, आणि शेवटच्या माणसालाही पट दिसतो, डाव दिसतो. कुस्तीचा शौकीन खेडूत उतारावर मांडी घालून बसणार, त्याला खुर्ची नको, हेही महाराजांनी जाणले असले पाहिजे. येथे हौस नव्हती असे कोण म्हणेल? संस्थानाच्या राजाने रोमशी बरोबरी करण्याचे मनात आणले होते! पण ती हौस कामाच्या आड आली नाही.

मुंबईची गोष्ट निराळी. समुद्र हटवून मिळालेल्या जमिनीवर १९३७ साली ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची ही वास्तू. ग्रेगसन, बॅटली आणि किंग या वास्तुशास्त्रज्ञांच्या संस्थेने ती रेखाटली. ती आजही डौलदार दिसते. परंतु पुढे तिकिटांच्या वाटणीवरून क्लब आणि त्या वेळची बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांचे बिनसले. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी स्वतःचे स्टेडियम बांधण्याचे ठरविले, आणि चर्चगेटजवळ, ब्रेबॉर्नपासून एक किलोमीटरही अंतर नाही अशा ठिकाणी, रेल्वेच्या रुळांना लागून असलेल्या आखूड जागेत ते बांधलेही. तेव्हा तरुण असलेले वास्तुशिल्पी शशी प्रभू यांनी आराखडा केला. साधारण वर्ष-सव्वा वर्षात काम उरकून जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना तेथे झाला. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा काढल्या त्या याच सामन्यात.

एवढ्या कमी अवधीत एवढे मोठे काम उभे करणे हा पराक्रमच होय. परंतु घाई आणि जागेची टंचाई यांची किंमत नंतर मोजावी लागली. २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेचा मोठा भाग पाडून नव्याने बांधावा लागला. नव्या बांधकामात बसण्याच्या जागा वाढविल्या नाहीत, उलट कमी केल्या. माणशी जागा ऐसपैस झाली, आणि वर खांबाविना पुढे आलेले कापडी छत आले. हे काम चालू असताना डिसेंबर २००९ मध्ये श्रीलंकेविरुद्धचा कसोटी सामना कोठे झाला? ज्या ब्रेबॉर्नला १९७३ नंतर एकही कसोटी मिळाली नव्हती, तेथे! जुन्या घरातून भांडून वेगळे झालेला भाऊ घराची डागडुजी निघाल्यावर पुन्हा जुन्याच घरी मुक्कामाला यावा, तसे झाले. दोन क्रीडागारांचा हा खर्च वास्तुकलेच्या हौसेपायी झाला नाही, मानापमानापायी झाला. अंदाजपत्रकात या बाबीचा रकाना नसतो.

वास्तुकलेच्या हौसेपायी बुडालेल्यांत पहिले नाव माँट्रिऑलचे. १९७६ च्या ऑलिंपिकसाठी रॉजर तायिबेर या फ्रेंच वास्तुशिल्पीने एक कललेला प्रचंड मनोरा कल्पिला, आणि त्याला दोरांनी टांगलेले, उघडमीट होणारे छत. खेळ झाले तेव्हा मनोरा अर्धवटच होता. तो १९८७ मध्ये पुरा झाला. ऑलिंपिकला तूट येणे म्हणजे पुरुषाला मूल होण्याइतके अशक्य, असे तेथील महापौरांनी आधी सांगितले होते. कर्ज फिटले २००६ साली, तीस वर्षांनी, आणि त्यासाठी क्वेबेकच्या लोकांना तंबाखूवर कर द्यावा लागला. छत तर पुढे अनेकदा फाटले.

टोकियोने मात्र वेळीच पाऊल मागे घेतले. झाहा हदीद यांचा विलक्षण आराखडा २०१२ मध्ये निवडला गेला, पण अंदाज २५२ अब्ज येनवर गेल्यावर जुलै २०१५ मध्ये सरकारने तो रद्द केला. त्याजागी केंगो कुमा यांचे, लाकडाचा भरपूर वापर केलेले, पुष्कळ कमी खर्चाचे स्टेडियम २०१९ मध्ये पुरे झाले. दैवाचा खेळ असा, की महामारीमुळे २०२१ मध्ये ऑलिंपिक प्रेक्षकांविनाच पार पडले.

तेव्हा काटकसर करायची तर सौंदर्य सोडावे काय? मलाही काही दिवस तसेच वाटू लागले होते. परंतु पिएर लुइजी नेर्वी या इटालियन अभियंत्याची कामे (अर्थात छायाचित्रांत) पाहिल्यावर ते मत टिकले नाही. हा गृहस्थ अभियंताही होता आणि ठेकेदारही, म्हणजे रेघ ओढणारा आणि पैसे मोजणारा हात एकच. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी त्याने वास्तुशिल्पी व्हितेलोत्सी यांच्याबरोबर छोटा क्रीडामहाल बांधला. सुमारे ६० मीटर व्यासाचा त्याचा घुमट १,६२० तुकड्यांचा आहे. तारेच्या जाळीवर सिमेंटचा गिलावा देऊन हे तुकडे आधीच पाडून घेतले, वर नेऊन मांडले आणि सांधले. बाहेरून ३६ तिरके, दुबेळके खांब घुमटाचा भार जमिनीत उतरवितात. आतून पाहिले तर सूर्यफुलाच्या गाभ्यासारखी नक्षी दिसते, पण नक्षी म्हणून काढलेली तीत एकही रेघ नाही. जेथे जोर आहे तेथे बरगडी आहे, एवढेच. खासबागेचा उतार आणि हा घुमट मला एकाच घराण्यातले वाटतात.

अहमदाबादेत चार्ल्स कोरिया आणि महेंद्र राज यांनी साठीच्या दशकात नवरंगपुऱ्याच्या सरदार पटेल स्टेडियमसाठी काँक्रीटला कागदासारख्या घड्या घालून छत काढले, तेही याच वाटेने. घडी घातलेला कागद ताठ उभा राहतो, हे शाळेत आपण सर्वांनी करून पाहिले आहे.

आणखी एक खर्च लोक विसरतात, तो उद्घाटनानंतरचा. पुण्याजवळ बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधले गेले आणि २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धांना पुन्हा कामी आले. अशी दुसरी संधी प्रत्येक वास्तूला मिळत नाही. आणि मिळेपर्यंतची झाडलोट, रंगकाम, गळती कोणी पाहावयाची? ज्या कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेथे तर सपाट सिमेंटचे छत म्हणजे दर जूनला येणारे बिल.

हे सर्व वाचून झाल्यावर मी पावसाळ्यात एके दिवशी आपल्या मैदानावर गेलो. शिपाईमामा छत्री घेऊन बरोबर आले. त्यांनी दाखविले, की डोंगराकडचे पाणी ईशान्येच्या कोपऱ्यातून शिरते आणि नेमके धावपट्टीवर तुंबते. ज्या जागी आम्ही गॅलरी बांधायला निघालो होतो, तेथे डोंगराचा उतार मुळातच चढत गेला आहे. त्यात जांभ्याच्या पायऱ्या बसविल्या आणि मागून एक गटार काढले, तर पाणीही अडेल आणि बसायलाही होईल, असे मामांचे म्हणणे. हे ते बैठकीतही बोलले होते, पण तेव्हा आम्ही कमानीच्या रंगावर बोलत होतो.

नंतर मी आणि माझा एक वर्गमित्र, दोघांनी पाणसळ लावून त्या उताराची मोजणी केली. खालच्या आठ ओळी जवळजवळ जशाच्या तशा बसतात. त्यापुढे चढ कमी पडतो, तेथे भराव घालावा लागेल. नजरेचे गणित मी वहीत मांडून आमच्या प्राध्यापकांना दाखविले. त्यांनी दोन चुका काढल्या. दुरुस्त केलेला कागद आता क्रीडासमितीच्या फायलीत आहे, आणि पुढील बैठक दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे.