बूट देखणे, पण पायाचे काय?

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. शौक तीन : नवी चित्रकला पाहणे, सुबक वस्तू विकत घेणे आणि उतारवयात जडलेले धावणे. या तिन्हींनी मिळून मला एकदा चांगलाच धडा शिकवला. माझ्यासारख्या मधुमेही वाचकांच्या तो उपयोगी पडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

२००८ साली मुलीकडे लंडनला गेलो होतो. तिथल्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात मार्टिन क्रीड या कलावंताची ‘वर्क नंबर ८५०’ ही कलाकृती पाहिली. कलाकृती कसली? लांबलचक दालन आणि दर ३० सेकंदांनी त्यातून जिवाच्या आकांताने धावत जाणारा एक माणूस. बस्स! आधी हसू आले. पण अर्धा तास जागचा हललो नाही. धावणारे शरीर इतके देखणे असते, हे वर्षानुवर्षे माणसे रेखाटूनही माझ्या ध्यानात आले नव्हते.

परतल्यावर डॉक्टरांना विचारून आधी चालायला, मग हळूहळू धावायला लागलो. साखर आटोक्यात आली, झोप सुधारली. पुढे काही वर्षांनी पुण्यात एका दुकानात निळ्या-नारिंगी रंगाचे बूट दिसले. काय ती रंगसंगती! काय तो आकार! माझ्या मापाचे नव्हते. विक्रेता म्हणाला, “काका, एक नंबर मोठा घ्या, तो काळ्या रंगात आहे.” मी ऐकतो कसला!

चौथ्या दिवशी धावून आलो, तर सौ. ओरडली, “अहो, मोज्याला रक्त लागलंय!” अंगठ्याजवळ फोड फुटून जखम झाली होती आणि मला पत्ताच नव्हता. दुखतच नव्हते ना!

डॉक्टरांनी एक नायलॉनचा बारीक तंतू तळपायाला टेकवत विचारले, “कळतंय?” निम्म्या ठिकाणी कळले नाही. ते म्हणाले, “सर, दुखत नाही हेच तर तुमचं दुखणं आहे.” दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठाही मंदावतो. मग साधी जखम चिघळते आणि वेळीच लक्ष न दिल्यास बोट, प्रसंगी पायही गमवावा लागतो. माझी जखम भरायला सहा आठवडे लागले.

तेव्हापासून पाळतो ते नियम असे :

बूट संध्याकाळी घ्यावेत. दिवसभरात पाय किंचित सुजलेले असतात. उभे राहून पाहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नवे बूट पहिल्या दिवशी तास-दोन तासच घालावेत. घालण्यापूर्वी झटकून आत हात फिरवावा. रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत. अनवाणी चालू नये, घरातसुद्धा. पाय गरम पाण्याने शेकू नयेत, भोवरी ब्लेडने कापू नये. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत. जखम झाली, तर दुखो वा न दुखो, त्याच दिवशी दाखवावी.

धावणे मी आता सोडले आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज ४० मिनिटे भरभर चालतो. बूट काळे, बेढब, पण मापाचे! ते निळे-नारिंगी मात्र टाकवले नाहीत. कपाटावर ठेवले आहेत. सुंदर वस्तू पाहण्यासाठीही असतात, वाचकहो. प्रत्येक वस्तू पायात घातलीच पाहिजे असे नाही!