बालगंधर्व : आठवणींना पुरावा काय?

बालगंधर्वांविषयीचे प्रेम म्हणजे गेल्या पिढ्यांचा गहिवर, असे म्हणणाऱ्यांनी त्यांच्या ७८ आरपीएमच्या ध्वनिमुद्रिका एकदा कान देऊन ऐकाव्यात. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत लांबणारे पद तिथे आटोपते घ्यावे लागे. तरीही शब्द स्पष्ट उमटतो, तान अर्थाला धक्का न लावता समेवर येते. मुळात भक्कम असल्याखेरीज गाणे एवढी काटछाट सोसत नाही. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांची महती त्यांच्या स्त्रीभूमिकांभोवतीच्या शालू आणि अत्तराच्या कथांपेक्षा या गाण्यात अधिक आहे. त्यामागे घडणही मोठी होती : ‘मानापमान’ नाटकाच्या (१९११) चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ‘स्वयंवर’च्या (१९१६) भास्करबुवा बखल्यांच्या, पुढे तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष.

पुरुषाने स्त्रीभूमिका करण्याचे नवल ओसरल्यावर उरते काय, हा आक्षेप रास्त आहे. बोलपट आल्यावर तो कसाला लागलाच. ‘प्रभात’ चित्रपटसंस्थेच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) ते संत एकनाथांच्या पुरुषवेशात आले, पण नाटकातली जादू पडद्यावर उतरली नाही. म्हणजे त्यांच्या अभिनयाची थोरवी आज आपण ऐकीव साक्षीवरच मानतो, आणि तिथे अतिशयोक्तीला जागा आहे. गाण्याचे तसे नाही. तो पुरावा आजही वाजवून पाहता येतो, आणि म्हणूनच जुन्या मुद्रिका जपणाऱ्या संग्राहकांना साथ द्यायला हवी.