संकट लहान असतानाच

जैवविविधतेवरचा उद्याचा धोका आज बहुधा धोक्यासारखा दिसत नाही. तो एखाद्या नव्या औषधाच्या, नव्या इंधनाच्या, आंतरराष्ट्रीय कराराच्या किंवा हौसेने पाळलेल्या माशाच्या रूपात येतो. प्रजातींची संख्या घटली की नुकसान मोजता येते, पण तोवर उपायांची वेळ बरीचशी टळलेली असते. म्हणून नुकसान दिसण्याआधीच ते कुठून येऊ शकेल हे हेरण्याची एक स्वतंत्र पद्धत संवर्धनशास्त्रात आकाराला आली.

हे हेरणे जमले नाही तर किती किंमत मोजावी लागते, ते भारतातल्या गिधाडांच्या बाबतीत दिसले. १९९०च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांना माना लोंबकळत ठेवून झाडांवर बसलेली गिधाडे दिसू लागली. मेलेलीही आढळू लागली. आधी संशय साथीच्या रोगावर गेला. खरे कारण २००४ साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून पुढे आले. ते होते डायक्लोफेनॅक. माणसांच्या सांधेदुखीवरचे हे स्वस्त औषध एव्हाना गोठ्यात पोहोचले होते. लंगडणाऱ्या बैलाला ते टोचले जाई, आणि जनावर तरीही दगावले तर गावाबाहेर टाकले जाई. त्या मांसातून औषध पोटात गेले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. शवविच्छेदनात आतल्या अवयवांवर यूरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर सापडे. शंभरात एकाहूनही कमी मढ्यांत औषधाचा घातक अंश असला तरी एवढी घट होऊ शकते, असे गणित पुढे मांडले गेले. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. गोठ्यातले औषध आणि आकाशातला पक्षी यांचा संबंध तपासणे हे तोवर कुणाचेच काम नव्हते.

असे विखुरलेले धागे जुळवण्यासाठी केंब्रिज विद्यापीठातले विल्यम सदरलँड यांनी २००९ साली एक उपक्रम सुरू केला. वेगवेगळ्या शाखांचे वीस-पंचवीस तज्ज्ञ आपापल्या वर्तुळात विचारपूस करून नवे मुद्दे आणतात. प्रत्येक मुद्द्याला १ ते १००० पैकी गुप्तपणे गुण दिले जातात. मुद्दा किती नवा आहे आणि त्याचा परिणाम किती मोठा होऊ शकेल, हे त्यात पाहिले जाते. आधीच सर्वांना ठाऊक असलेला विषय, कितीही गंभीर असला तरी, इथे मागे पडतो. लांबलचक यादी वाचून शेवटी कंटाळा येतो आणि तळाच्या मुद्द्यांवर अन्याय होतो, म्हणून ती सर्वांना एकाच क्रमाने दिली जात नाही. चर्चेत तर मुद्दा सुचवणाऱ्याला पहिल्या तिघांत बोलताच येत नाही. हा नियम फार मोलाचा आहे, कारण आपल्याच कल्पनेवर जीव जडणे ही तज्ज्ञांचीही खोड असते. दुसऱ्यांदा गुण दिल्यावर जे १५ मुद्दे उरतात, ते ‘ट्रेंड्स इन इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात छापले जातात.

२०१०च्या पहिल्या यादीत सूक्ष्म प्लास्टिक होते, प्रयोगशाळेतले मांस होते आणि अटलांटिकमध्ये घुसलेला हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिशही होता. दहा वर्षांनी त्या यादीची फेरतपासणी झाली, तेव्हा पहिले दोन विषय जगभर गाजत होते. काही मुद्दे मात्र तेवढे पुढे सरकले नव्हते. अशा यादीत हे गृहीतच असते.

त्याच यादीतला एक मुद्दा महाराष्ट्राला जवळचा आहे. जंगलातला कार्बन राखण्यासाठी पैसा मिळू लागला की शेती आणि तोडीचा दाब जंगल नसलेल्या अधिवासांवर सरकेल, ही ती भीती. सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या माळरानावर माळढोक, काळवीट आणि लांडगा जगत आले, तरी सरकारदप्तरी अशी जमीन बहुधा ‘पडीक’ म्हणूनच लिहिली गेली. गवताचे मोल न ओळखता तिथे झाडे लावणे हाही त्या अधिवासाचा नाशच.

यादी कुणावरही बंधनकारक नसते, आणि कारण कळले तरी उपाय रखडू शकतो. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात २००६ साली बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ साली कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. असेक्लोफेनॅक या दुसऱ्या औषधाचे तर जनावराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनते. त्याच्यावर आणि किटोप्रोफेन या आणखी एका औषधावर बंदी यायला २०२३ उजाडले.