गावातले चाऊस कुठून आले?

वाचकहो, तुम्ही खरिपाची पेरणी म्हणता, रब्बीची ज्वारी म्हणता. हे दोन्ही शब्द अरबी आहेत. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. ज्या ऋतूत पीक हाती येते त्याचे नाव पिकाला पडले. तालुका, जिल्हा, तहसील, महसूल, बाकी, वकील हे शब्दही तिकडचेच. ते फारसी दप्तरातून आपल्याकडे आले. पण नांदेड-लातूरकडे नुसते शब्द आले नाहीत, माणसेही आली. त्यांनाच आपण चाऊस म्हणतो.

चाऊस हा मूळ तुर्की शब्द. फौजेतल्या लहान हुद्देदाराचे ते नाव. इकडे मात्र साऱ्या अरबांनाच ते चिकटले आणि पुढे आडनाव झाले. या लोकांचा मूळ मुलूख हद्रमौत, म्हणजे आजच्या यमन देशाचा दक्षिणेकडला भाग. आपल्याला वाटते अरबस्तान म्हणजे सगळी वाळू आणि उंट. हद्रमौतात शेतीही आहे. पाऊस अगदी थोडा. पण डोंगरातून एकदम लोंढा येतो, तो मातीचे बांध घालून शेतात वळवायचा आणि त्या ओलीवर पीक काढायचे, अशी तिथली रीत. खजुरीच्या बागा आहेत. आपल्या बोरीच्या जातीचेच एक झाड तिकडे आहे, त्याच्या फुलांवरचा मध फार नावाजलेला. घरे कच्च्या विटांची, मातीची. आपल्या माळवदासारखीच म्हणा, पण शिबाम गावात ती सात-सात मजले उंच चढवली आहेत.

बदू, म्हणजे रानात फिरणारे अरब, हे त्यांच्यातले वेगळे. उंट-बकऱ्या घेऊन चाऱ्यामागे फिरायचे, जसे आपले धनगर. त्यांचे पालही बकरीच्या काळ्या केसांचे. ते विणायचे आणि उभारायचे काम बायकांचे. आता तिकडेही बहुतेक बदू गावात स्थिरावले, उंटाची जागा मालमोटारीने घेतली. पण पाहुण्याची रीत टिकून आहे. दाराशी आलेल्या माणसाला तीन दिवस ठेवून घ्यायचे आणि काम काय ते लगेच विचारायचे नाही. वेलदोडा घातलेली कॉफी लहानशा पेल्यात देतात. पेला रिकामा करून नुसता पुढे धरलात तर पुन्हा भरला जाईल; पुरे असेल तर हलवून दाखवायचा. आपल्याकडे 'घ्या, घ्या' आणि 'नको, नको' यात चहा निवतो, त्यापेक्षा हे बरे.

शरण आलेल्याला, मग तो शत्रू का असेना, आसरा द्यायचा ही दुसरी रीत. आणि खून झाला तर सूड घ्यायचा, नाही तर भरपाई घेऊन मिटवायचे. जुन्या हिशेबाने एका माणसाचे शंभर उंट. दिलेला शब्द आणि घेतलेला सूड, दोन्ही पक्के. म्हणूनच खजिन्यावर आणि किल्ल्यावर पहारा बसवायला राजेरजवाड्यांना अरब हवा असे. पेशवे, नागपूरकर भोसले, बडोद्याचे गायकवाड, निजाम, सगळ्यांच्या पदरी ते होते. आपल्या नांदेड भागातच १८१९ साली नव्ह्याच्या नोवसाजी नाईक हटकरांची गढी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामी फौजेने वेढली, तेव्हा आत लढणाऱ्यांत अरबांचा भरणा मोठा होता.

पुढचे मात्र कौतुकाने सांगण्यासारखे नाही. निजामाकडे पगार थकत, आणि अरब जमादार उलट सरकारलाच कर्ज देत. त्या बदल्यात मुलूख गहाण पडे आणि वसुलीचा तगादा रयतेच्या दारात बसे. १८५३ साली दिवाण झालेल्या सालारजंगांनी हा गहाण मुलूख एकेक करून सोडवला.

हे शिपाई समुद्रापलीकडून बहुधा एकटे आले. इथल्याच बायकांशी त्यांनी लग्ने केली. अशा संततीला अरबीत मुवल्लद म्हणतात. म्हणजे चाऊस घरात बापाकडून बिन, बा अशी अरबी कुळनावे आली, पण आई-आजी इकडचीच. घरात दखनी, बाजारात मराठी. त्यांच्यात चुलत्याची मुलगी करतात; ते ऐकून आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात, आणि आपण मामाची मुलगी करतो त्याचे उत्तरेकडच्या लोकांना तसेच नवल वाटते. त्यांच्या धर्माप्रमाणे मेहर नवऱ्याने नवरीला द्यायची. हुंडा त्यात नाही. पण इथे राहून हुंड्याची आपली खोड बऱ्याच मुसलमान घरांना लागली. चांगले काही घेतले असते तर बरे होते! घेण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो: हैदराबादी हलीम ही अरबांच्या हरीसवरून आली. गहू आणि मांस एकत्र शिजवून घोटायचे. मांस वगळले तर आपल्या कांडलेल्या गव्हाच्या खिरीशी तिचे नाते लगेच ध्यानात येईल.

मग १९४८ साल आले. रझाकारांनी गावे जाळली, माणसे मारली. ते जुन्या माणसांनी घरोघर सांगितले आहे. १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर काय झाले ते कमी सांगितले जाते. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसली असे लिहिले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. मेलेले मुसलमान किमान २७ ते ४० हजार, असा त्या समितीचा अंदाज. रझाकारीशी संबंध नसलेलेही त्यात गेले. अरबांना परके ठरवून अटकेत ठेवले, कित्येकांना समुद्रापार धाडायचे ठरले. त्यांतले बरेच इथेच जन्मलेले होते. ज्या देशात पाठवायचे तो त्यांनी पाहिलाही नव्हता.

जे राहिले त्यांच्या हातून फौजेची नोकरी गेली. १९७० नंतर आखातात तेल जोरात निघू लागले, तेव्हा हैदराबादच्या बारकस वस्तीतली आणि इतरही ठिकाणची चाऊस पोरे कामासाठी अरब देशांत गेली. आजोबा पोटासाठी इकडे आले, नातू पोटासाठी तिकडे. पूर्वी पैशाची वाट उलटी होती. हैदराबादच्या पगारावर मोठे झालेले उमर बिन अवद यांच्या अल-कुऐती घराण्याने हद्रमौतात राज्य उभे केले, ते १९६७ पर्यंत टिकले. त्या राज्याच्या उभारणीत आपल्या निजामी मुलखाचा सारा, म्हणजे मराठवाड्याच्या ज्वारी-कापसाचाही पैसा होता.