घरकुलाची यादी आणि आपला क्रमांक

वैशाख लागला की आमच्या या भागात घरावरची कवेलू फेरण्याची घाई सुरू होते. माकडांनी फोडलेली, वाऱ्याने सरकलेली कवेलू बदलायची, कुडाच्या भिंतीला पुन्हा लिंपण द्यायचे आणि मृगाच्या आत घर कसेबसे उभे ठेवायचे. हे करताना घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : 'आमचा नंबर कधी लागणार?' नंबर म्हणजे अर्थातच घरकुलाचा. प्रश्न साधा दिसतो. पण ज्याला तो विचारला जातो त्या सरपंचाला, सचिवाला वा पंचायत समितीतील कारकुनाला त्याचे सरळ उत्तर क्वचितच देता येते. ते का देता येत नाही, हे नीट समजून घेतले तर पुष्कळ धावाधाव वाचेल आणि जेथे खरोखर धावायला हवे तेथे धावता येईल.

पहिली गोष्ट अशी की, घरकुल हे प्रामुख्याने अर्जावर मिळत नाही, यादीवर मिळते. आपल्याकडे अर्जाचे मोठे माहात्म्य आहे. अर्ज लिहावा, पुढाऱ्याची सही घ्यावी, पोच जपून ठेवावी, आणि काम झाले असे समजावे. १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली तेव्हापासून ही समजूत चालत आली. पुढे दारिद्र्यरेषेखालील यादीवरून नावे निघू लागली, आणि १ एप्रिल २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना लागू झाली तेव्हा पाया बदलून २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणाचा झाला. त्या सर्वेक्षणात ज्याचे घर कच्चे नोंदले गेले, तो यादीत. ज्याची नोंद चुकली, तो बाहेर. राहिलेल्यांसाठी २०१८-१९ मध्ये पुन्हा पाहणी झाली. तिलाच गावोगावी 'ड यादी' म्हणतात. २०२४ मध्ये योजनेला पाच वर्षांची मुदतवाढ मिळाल्यावर आणखी एक पाहणी सुरू झाली. म्हणजे आपले नाव नेमक्या कोणत्या यादीत आहे, हा पहिला प्रश्न. क्रमांकाचा प्रश्न त्यानंतरचा.

आता क्रमांकाकडे वळू. या तालुक्यातील एका गावी आम्ही ग्रामसभेला बसलो होतो. एक म्हातारी उठून म्हणाली, "माझा तिसरा नंबर, अन् सातव्या नंबरवाल्याच्या घरावर सलाप पडला. असं कसं जी?" सभेत हशा पिकला, कोणी पैशाची कुजबुज केली. पैसे खाल्ले जात नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या दिवशी गोष्ट वेगळी होती. गावाची रांग एक नसते, अनेक असतात. अनुसूचित जाती व जमाती यांची एक, अल्पसंख्याकांची एक, इतरांची एक. उद्दिष्ट वरून येते ते या वर्गांत वाटूनच येते. त्यातला साठ टक्के भाग अनुसूचित जाती-जमातींसाठी राखलेला असतो. तेव्हा एका रांगेतला सातवा पुढे सरकतो आणि दुसऱ्या रांगेतला तिसरा जागीच उभा राहतो. म्हातारीला हे कोणी सांगितलेच नव्हते. तिला क्रमांक सांगितला, रांग सांगितली नाही.

प्रत्येक रांगेत क्रम लागतो तो घराच्या स्थितीवरून. ज्याला घरच नाही तो सर्वांत आधी. मग एका कच्च्या खोलीत राहणारा, मग दोन खोल्यांचा. त्यातही काही कुटुंबे पुढे घेतली जातात : जेथे सोळा ते एकोणसाठ वयाचा कोणी माणूस नाही, जेथे बाई कुटुंबप्रमुख असून त्या वयाचा पुरुष नाही, जेथे पंचवीस वर्षांवरील कोणी साक्षर नाही, जेथे अपंग माणूस असून कमावते हात नाहीत, आणि जे भूमिहीन मजुरीवरच जगतात. समान स्थितीच्या घरांत कोणाला आधी, हे ग्रामसभा ठरवते. येथे आपल्या हाती खरी सत्ता आहे, आणि येथेच आपण गैरहजर असतो. अर्ज घेऊन चंद्रपूरची वारी करणारा माणूस गावातल्या ग्रामसभेला मात्र 'धानाचे काम आहे' म्हणून जात नाही.

नाव वगळले जाते तेही याच सभेत. पूर्वी घरी दुचाकी किंवा शीतकपाट असले तरी नाव जात असे; २०२४ मध्ये त्या अटी काढल्या आणि मासिक उत्पन्नाची मर्यादा दहा हजारांवरून पंधरा हजारांवर नेली. म्हणून पूर्वी ज्यांना मुलाच्या जुन्या फटफटीपायी नकार मिळाला, त्यांनी तो नकार कायमचा समजू नये. नाव का वगळले याचे कारण लेखी मागावे. त्यावर जिल्ह्याच्या अपील समितीकडे दाद मागता येते. तोंडी कारणावर अपील होत नाही.

सावली गावात राहणाऱ्यांचा मार्ग थोडा निराळा. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले तेव्हा सावली हे एक खेडे होते. आज येथे नगरपंचायत आहे. त्यामुळे येथील रहिवाशाने ग्रामीण यादीत आपले नाव शोधणे व्यर्थ. त्याला नागरी योजना लागू होते, आणि तेथे अर्ज करावा लागतो. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्राचे दीड लाख व राज्याचा एक लाख असे अडीच लाख मिळतात. कुटुंबाच्या नावे देशात कोठेही पक्के घर नसावे ही अट. आदिवासींसाठी शबरी, अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ ची मोदी आवास आणि माडिया, कोलाम यांच्यासाठी जनमन, अशा वाटा आणखी आहेत. त्यांचा तपशील येथे देत नाही. आपली वाट कोणती एवढे ओळखले की पुढचे कार्यालय सांगते.

खरी मेख आहे ती जागेची. पूर्व विदर्भात झुडपी जंगल नावाचे एक विचित्र प्रकरण आहे. कागदावर जंगल, आणि प्रत्यक्षात त्यावर घरे, शाळा, स्मशान. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच आहेत असा निर्वाळा दिला. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जागा एकवार मंजुरी घेऊन नियमित करण्याचा मार्ग मोकळा ठेवला. तेव्हा आजोबांच्या काळचा वाटपाचा कागद पेटीच्या तळाशी असेल तर तो आज शोधावा. ज्यांना जागाच नाही त्यांना ती विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसाहाय्य योजना आहे.

आणि समजा, नंबर लागला. मग? ग्रामीण घरासाठी सपाट प्रदेशात एक लाख वीस हजार, डोंगरी व दुर्गम भागात एक लाख तीस हजार, हा २०१६ चा आकडा. शौचालयाचे बारा हजार व नव्वद-पंचाण्णव दिवसांची मजुरी निराळी. २०२५ मध्ये राज्याने पन्नास हजारांची भर घातली, त्यात पंधरा हजार सौर संचासाठी. पैसे हप्त्याहप्त्याने येतात, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र चढवल्यावर. पण नवे घर जुन्याच जागी बांधायचे असते, म्हणून पहिल्या हप्त्याबरोबर जुने घर पाडावे लागते. त्या काळात कुटुंबाने राहायचे कोठे, याचे उत्तर कोणत्याही नियमात नाही. घरभाड्यासाठी एक पैसा मिळत नाही. विदर्भात एके काळी, १९४९ च्या भाडेनियंत्रण आदेशाखाली, रिकामे झालेले घर मालकाने सरकारला कळवावे आणि सरकारने ते गरजूला देववावे अशी तरतूद होती. तिचा आधार मुख्यतः सरकारी नोकरांना झाला, आणि ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आल्यावर तीही गेली. आमच्या मते घरकुलाच्या रकमेत सहा महिन्यांच्या भाड्याची सोय असायला हवी. शहरात माणूस नातलगाच्या खोलीत दिवस काढील. जंगलाला लागून असलेल्या गावात ताडपत्रीखाली मुले झोपवणे म्हणजे काय, हे वाघाच्या या मुलखात कोणाला सांगायला नको.

म्हणून जुने घर पाडण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. बँकेचे खाते आधारशी जोडलेले आहे काय, घर पतिपत्नी दोघांच्या नावे मंजूर झाले आहे काय, आणि वाळू. घरकुलास पाच ब्रासपर्यंत वाळू स्वामित्वधन न भरता देण्याचे शासनाचे धोरण आहे, पण वैनगंगेला पूर आला की तिचा उपयोग नाही. वाळूचा परवाना तहसिलीतून पावसाआधी घ्यावा, नाहीतर पाया भरून दिवाळीपर्यंत थांबावे लागते. ज्यांचा नंबर अजून लागायचा आहे, त्यांच्यासाठी १ मे ची ग्रामसभा आता दारात आहे. जाताना यादीची प्रत मागावी, आपण कोणत्या रांगेत आहोत हे विचारावे, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.