आंब्यातली अळी, कारल्यातली अळी

परवा बचत गटाच्या बैठकीला शेजारच्या काकू हिरमुसून आल्या. "अगो, बाजारात न्यायची कारली सगळी आतून किडली. आंब्याचा सापळा मांडवाला टांगला, तर एक माशी सापडेल तर शपथ!"

मैत्रिणींनो, इथेच आपली फसगत होते. फळमाशी आपल्याला एकच वाटते. पण आंब्यावरची वेगळी, कारली-पडवळावरची वेगळी. आंब्यावरच्या माशीचे नर मिथाइल युजेनॉलच्या वासाला भुलतात. कारल्यावरच्या माशीला क्यू ल्यूर लागतं. नाव चुकलं की औषधही चुकलं!

माशी हाती लागली तर जाणकार पंखांवरच्या खुणांवरून ती ओळखतात. फळात मात्र असते अळी. पांढरी, बिनपायांची, सगळ्या दिसायला सारख्याच. पूर्वी तिची माशी होईपर्यंत वाट पाहावी लागे.

यावर उपाय म्हणजे डीएनए बारकोड. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातले पॉल हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ही कल्पना मांडली. साबणाच्या वेष्टनावर काळ्या रेघा असतात ना, तशीच ही निसर्गाची खूण. किड्याच्या पेशीतल्या एका ठराविक जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि संगणकातल्या नोंदींशी ताडून पाहायचा. अंडं, अळी, तुटलेला पायसुद्धा पुरतो. अगदी जवळच्या जातींत कधी गोंधळ होतो, म्हणून जाणकाराची नजर अजूनही लागतेच.

हे आपल्या ताटाशी जोडलेलं आहे बरं का! मालात फळमाशीसारख्या किडी सापडल्या म्हणून १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आपला आंबा बंद केला. सोबत कारली, पडवळ, वांगी आणि अळूही! आंब्यावरची बंदी २०१५ साली उठली; पण रत्नागिरीच्या हापूसवाल्यांच्या जिवाला घोर लागला होता.

आपल्या परसात प्रयोगशाळा नाही, पण किडलेली फळं रोज वेचून खोल पुरणं आपल्या हातात आहे. तशीच टाकली तर अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि पुन्हा माश्या होऊन येतात. सापळा घेताना तो कोणत्या पिकासाठी, हेही विचारावं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने फळमाशीसाठी 'रक्षक' सापळा काढला आहे.

काकूंनी आता मांडवाला क्यू ल्यूर टांगलंय. रोज सकाळी सापळ्यात डोकावून मग चहा घेतात!