रेशमी कोंबडा आणि शेजाऱ्याची झोंप

नागपूरच्या रामदासपेठेंत अनेक जुन्या बंगल्यांच्या जागीं आतां दवाखाने आणि उंच इमारती उभ्या आहेत. तरी एखाद्या घरामागें चार कोंबड्यांचें खुराडें मावेल एवढें अंगण अजून शिल्लक असतें. अशा अंगणांत हौसेनें पाळण्याजोगी एक जात म्हणजे सिल्की, अर्थात् रेशमी कोंबडी. तिची पिलें कशीं वाढवावीं आणि तिच्या कोंबड्याची व्यवस्था कशी ठेवावी, याविषयीं आज थोडें सांगावयाचें आहे.

मार्को पोलोनें तेराव्या शतकांत चीनमधील ज्या केसाळ, काळ्या कोंबड्यांचें वर्णन केलें, त्या याच असाव्यात असें मानतात. इतर पक्ष्यांच्या पिसांतील तंतू बारीक आंकड्यांनीं एकमेकांत गुंतलेले असतात. हिच्या पिसांत ती गुंतवण होत नसल्यामुळें पीस लोंकरीसारखें मोकळें राहतें. म्हणून हिला नीट उडतां येत नाहीं आणि पावसांत ती लवकर भिजते. पायाला पांच बोटें असतात. कातडी व हाडें मात्र झाबुआच्या कडकनाथाप्रमाणें काळीं. परंतु कडकनाथ कोंबडी क्वचितच खुडूक होते, तर रेशमी कोंबडी वारंवार खुडूक होऊन परक्या अंड्यांवरही मायेनें बसते.

आतां कोंबड्याचा प्रश्न. पुष्कळांचा असा समज असतो कीं, कोंबड्यावांचून कोंबडी अंडें देत नाहीं. हा समज खरा नव्हे. खाण्याच्या अंड्यांसाठीं कोंबडा मुळींच लागत नाहीं. तो लागतो पिलांसाठीं. आठदहा कोंबड्यांमागें एक पुरे. चार कोंबड्यांत दोन कोंबडे ठेवले तर ते आपसांत झुंजतात आणि कोंबड्यांच्या पाठीवरील पिसें झडतात. शिवाय एकदां संयोग झाल्यावर आठवडाभर, कधीं त्याहूनही अधिक दिवस, कोंबडी सफल अंडीं देऊं शकते. तेव्हां ओळखीच्या माणसाकडून कोंबडा कांहीं दिवसांपुरता आणूनही काम भागतें.

कोंबडा झांकून ठेवला म्हणजे आरवणार नाहीं, ही आशाही व्यर्थ आहे. जपानांतील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनीं 2013 सालीं दाखवून दिलें कीं, पहांटेचें आरवणें कोंबड्याच्या शरीरांतील घड्याळावर चालतें. उजेड दिसण्यापूर्वींच तो आरवूं लागतो. 2015 सालीं त्यांना असेंही आढळलें कीं, कळपांतील वरचढ कोंबडा प्रथम आरवतो आणि बाकीचे त्याच्यामागून. जाड भिंतीचें खुराडें शेजाऱ्याच्या खिडकीपासून दूर ठेवल्यास आवाज कमी पोंचेल. मात्र वारा कोंडूं नये. आपल्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्रीं दहा ते सकाळीं सहा हा काळ रात्र मानलेला आहे. कायद्याचा कीस न काढतांही एवढें ध्यानांत ठेवावें कीं, रामदासपेठेंत भिंतीपलीकडे नुकताच डोळा लागलेला रोगी असूं शकतो.

पिलें काढावयाचीं तर दिवाळीनंतरचा थंडीचा काळ उत्तम. मे महिन्यांत येथील पारा 45 अंशांवर जातो. अशा उष्म्यांत नुसतें ठेवलेलें अंडेंही आंतून वाढूं लागतें, आणि ती वाढ अर्धवट राहून जीव मरतो. आठवड्याच्या आंतलीं सहासात अंडीं खुडूक कोंबडीखालीं, शांत व अंधाऱ्या जागीं ठेवावीं. सातव्या दिवशीं विजेरीच्या उजेडांत पाहून निष्फळ अंडीं काढून टाकावीं. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिलें बाहेर येतात. बलकाचा उरलेला अंश त्यांच्या पोटांत असल्यामुळें पहिल्या दिवशीं दाण्याची घाई नको. पाण्याची थाळी उथळ असावी व तींत खडे घालावे, नाहींतर पिलें बुडतात. पहिल्या आठवड्यांत पशुवैद्याकडून मानमोडीची लस देववावी. ऊब आईच देते. दिव्याची यातायात नको. मांजर आणि मुंगूस यांपासून मात्र जाळी हवीच.

खरी कसोटी पुढेंच आहे. पिलांपैकीं सुमारें निम्मे नर निघणार, आणि या जातींत नर कोणता हें तीनचार महिने, कधीं त्याहूनही उशिरांपर्यंत, कळत नाहीं. तोंवर घरांतील मुलांनीं त्यांना नांवें दिलेलीं असतात. मग एके पहांटे तीन तीन कोंबडे आरवूं लागतात, आणि कोणी रात्रीच्या अंधारांत त्यांना बाजारांत सोडून येतो. हें पाळणाऱ्याला शोभत नाहीं. जादा नर खेड्यांतील कोणा पाळणाऱ्याला द्यावयाचे, कोंबड्यांपासून दूर वेगळ्या खुराड्यांत एकत्र ठेवावयाचे, कीं घरच्या स्वयंपाकांत वापरावयाचे, याचा निर्णय अंडीं मांडण्यापूर्वींच घरांत सर्वांसमक्ष व्हावा. ज्याला हा निर्णय करवत नाहीं, त्यानें केवळ कोंबड्या पाळाव्या, अंडीं खावीं, आणि शेजाऱ्याला सुखानें झोंपूं द्यावें.